भयकथेचे कच्चे खर्डे : 'ड्रॅक्युला'च्या टिपणांच्या निमित्ताने

ब्रॅम स्टोकर हा आयरिश कादंबरीकार एप्रिल १९१२ मध्ये वारला. पुढील वर्षी, ७ जुलै १९१३ रोजी, त्याच्या ग्रंथसंग्रहाचा लंडनमधील सदबीच्या लिलावगृहात लिलाव झाला. त्यातील १८२ क्रमांकाच्या नगात 'ड्रॅक्युला' या कादंबरीसाठी त्याने केलेली मूळ टिपणे होती. ती दोन पौंड आणि दोन शिलिंगांना गेली. पुढे अनेक दशके ती खाजगी हातांतून फिरत राहिली आणि १९७० मध्ये फिलाडेल्फिया येथील रोझेनबाख संग्रहालयाने ती विकत घेतली. त्यांच्या आधारे कादंबरीच्या घडणीचा कालक्रम लावण्याचा पहिला अभ्यासपूर्ण प्रयत्न जोसेफ बीअरमन याने १९७७ मध्ये केला. मूळ पानांच्या छायाप्रतींसह आणि भाष्यासह समग्र आवृत्ती निघाली ती २००८ मध्ये, रॉबर्ट एटीन-बिसांग आणि एलिझाबेथ मिलर यांच्या संपादनाखाली. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर शहाण्णव वर्षांनी. दरम्यान ही कादंबरी जगातल्या बहुतेक प्रमुख भाषांत पोचली होती, तिच्यावर चित्रपट निघाले होते, तिच्यातील सरदाराचे नाव पोरासोरांच्या तोंडी झाले होते. फक्त ती लिहिली कशी गेली, याकडे पाहण्याची निकड कोणाला वाटली नव्हती.

या अनास्थेचे कारण साहित्यविचारातील दोन पक्क्या समजुतींत आहे. पहिली समजूत अशी, की लोकप्रिय वाङ्मय हे लिहिले जात नाही, ते पाडले जाते. त्याला सूत्र असते, प्रक्रिया नसते. तेव्हा त्याचे खर्डे पाहून काय मिळणार? दुसरी समजूत पहिलीच्या अगदी उलट दिशेची आहे. भयकथा ही लेखकाच्या अबोध मनातून, दुःस्वप्नातून, एखाद्या दडपलेल्या वासनेतून आपोआप वर येते, असे ती मानते. स्टोकरच्या बाबतीत तर तिला एक आख्यायिकाही मिळाली. रात्री मसालेदार खेकडा अंमळ जास्त खाल्ल्यामुळे त्याला थडग्यातून उठणाऱ्या पिशाचराजाचे स्वप्न पडले, ही त्याच्या घरातून आलेली कथा हॅरी लडलम याच्या १९६२ च्या चरित्राने सर्वत्र पसरवली. सूत्र आणि स्वप्न या दोन्ही कल्पनांत एक गोष्ट समान आहे : दोहोंतही लेखकाला विचार करावा लागत नाही. रोझेनबाखमधील कागद या दोन्ही समजुतींना पुराव्यानिशी उत्तर देतात, आणि ते उत्तर भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी ऐकण्याजोगे आहे.

शंभरांहून अधिक पाने आहेत. काही हस्तलिखित, काही टंकलिखित. काही लंडनच्या लायसियम नाट्यगृहाच्या कामकाजातून उरलेल्या कागदांवर. स्टोकर हा हेन्री अर्व्हिंग या थोर नटाचा व्यवस्थापक होता आणि सत्तावीस वर्षे त्याने ती नोकरी केली. हिशेब, दौरे, पत्रव्यवहार यांतून उरलेल्या वेळात तो लिहीत असे. टिपणांतील सर्वांत जुनी तारीख ८ मार्च १८९० ही आहे आणि कादंबरी प्रसिद्ध झाली २६ मे १८९७ रोजी. सात वर्षांचा हा काळ 'पाडलेल्या' पुस्तकाचा नव्हे. या पानांत काय नाही? पात्रांच्या याद्या आहेत, प्रकरणांचे आराखडे आहेत, तारीखवार वेळापत्रके आहेत, आगगाड्यांच्या वेळा आहेत, वाचलेल्या पुस्तकांतून पृष्ठांकांसह उतरून घेतलेले मजकूर आहेत, वाऱ्याची दिशा आहे, थडग्यांवरचे लेख आहेत. डब्लिनमधील शल्यविशारद असलेला त्याचा भाऊ थॉर्नली याने मस्तकाच्या इजेविषयी आकृती काढून दिलेले एक टाचणही आहे. कादंबरीतील वेड्यांच्या इस्पितळातील रेनफील्डवर शस्त्रक्रिया होते तेथे ते कामी आले. मजकुरापेक्षा दप्तर म्हणावे असा हा सारा ऐवज आहे.

अबोध मनाच्या पक्षकारांना या दप्तरात एकच गोष्ट अनुकूल सापडते आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पहिल्याच दिवसाच्या टिपणात एक प्रसंग आहे : परक्या वाड्यात गेलेल्या तरुणाभोवती स्त्रिया जमतात, एक त्याचे चुंबन घेऊ पाहते, पण ओठांचे नव्हे, गळ्याचे, आणि वृद्ध सरदार संतापाने मध्ये पडून या माणसावर माझा हक्क आहे, असे बजावतो. हा प्रसंग पुढील आराखड्यांत पुनःपुन्हा येतो आणि छापील पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात जवळजवळ तसाच उतरतो. नावे बदलली, देश बदलला, निम्मी पात्रे गेली, पण हे एक बीज हलले नाही. ते कोठून आले याची चिकित्सा मानसशास्त्राने खुशाल करावी. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की एका बीजाला पुस्तक व्हायला सात वर्षे लागली, आणि त्या सात वर्षांत जे घडले ते सारे जागेपणी घडले.

नावाचीच गोष्ट घ्यावी. आरंभीच्या यादीत या सरदाराचे नाव काउंट वॅम्पिर असे आहे. म्हणजे ज्याला मराठीत सरळ 'पिशाचराव' म्हणावे, इतके ते उघडे आहे. कथेचा देशही ऑस्ट्रियाच्या राज्यातील स्टिरिया हा आहे. तो शेरिडन ल फान्यू याच्या 'कार्मिला' या १८७२ च्या पिशाचकथेचाच देश. थोडक्यात, पहिला खर्डा हा उसन्या घरात उसन्या नावाने राहणाऱ्या भुताचा होता. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी सुटीसाठी गेला. तेथील ग्रंथालयात त्याने विल्यम विल्किन्सन याचा वालाकिया आणि मोल्डाविया या संस्थानांविषयीचा १८२० चा ग्रंथ काढला. ग्रंथालयातील क्रमांकही त्याने टिपून ठेवला आहे. त्या ग्रंथात तुर्कांशी लढलेल्या ड्रॅक्युला नावाच्या राजाचा ओझरता उल्लेख आणि एक तळटीप आहे. वालाकियन भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान असा होतो आणि शौर्य, क्रौर्य किंवा धूर्तता यांमुळे उठून दिसणाऱ्या माणसाला तेथील लोक हे उपनाव देतात, असे ती तळटीप सांगते. स्टोकरने ती उतरून घेतली. यादीतील वॅम्पिर खोडला गेला आणि वर ड्रॅक्युला आला.

येथे एका मोठ्या गैरसमजाचा निकाल लागतो. रेमंड मॅकनॅली आणि राडू फ्लोरेस्कू यांच्या १९७२ च्या ग्रंथानंतर असे रूढ झाले, की कादंबरीतील सरदार म्हणजे पंधराव्या शतकातील व्लाड, जो शत्रूंना सुळावर चढवण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. टिपणांत व्लाड हे नाव नाही, सुळांचा उल्लेख नाही. विल्किन्सनच्या चार ओळींपलीकडे स्टोकरला त्या राजाविषयी काही ठाऊक असल्याची खूण या कागदांत कोठेही नाही, हे मिलरबाईंनी नेटाने दाखवून दिले आहे. त्याने इतिहास घेतला नाही. एक ध्वनी घेतला आणि त्यामागची एक तळटीप घेतली. पर्यटन खात्यांना आणि चित्रपटांना हे रुचणारे नाही. पण लेखनप्रक्रियेच्या अभ्यासकाला यात फार मोठी शिकवण आहे : कल्पक लेखक संदर्भग्रंथ विद्वानासारखा वाचत नाही. तो आपल्या रिकाम्या जागेच्या मापाचा दगड शोधत असतो, आणि सापडला की पुस्तक मिटतो.

व्हिटबीने आणखीही पुष्कळ दिले. तटरक्षकाशी बोलून स्टोकरने किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांची माहिती टिपली. त्यांत १८८५ च्या ऑक्टोबरात वाळूच्या भरतीसह किनाऱ्याला लागलेले 'दिमित्री' नावाचे रशियन गलबत होते. ते नार्वा बंदरातून निघाले होते. कादंबरीत पिशाचाला इंग्लंडात आणणाऱ्या जहाजाचे नाव 'डिमीटर', आणि ते निघते वार्नाहून. अक्षरांची एवढी उलटापालट करून बाल्टिक समुद्रातले बंदर काळ्या समुद्रात नेले, वाळू मात्र तशीच ठेवली. दफनभूमीतल्या दगडांवरची नावे त्याने ओळीने उतरून घेतली आणि त्यांतलेच स्वेल्स हे नाव कादंबरीतील म्हाताऱ्या खलाशाला दिले. व्हिटबीच्या बोलीतील शब्दांची यादी केली आणि ती त्याच म्हाताऱ्याच्या तोंडी घातली. इतक्या भरघोसपणे घातली, की आजच्या इंग्रज वाचकालाही त्याचे बोलणे ठेचकाळत वाचावे लागते. टिपणवहीतील सारेच वापरून टाकण्याचा मोह लेखकाला कसा नडतो, त्याचा हा नमुना होय.

ट्रान्सिल्व्हेनियाला स्टोकर कधीच गेला नाही. तो देश त्याने वाचून उभा केला. एमिली जेरार्ड या लेखिकेचा तेथील लोकसमजुतींवरचा १८८५ चा लेख, चार्ल्स बोनर, क्रॉस, मेजर जॉन्सन यांची प्रवासवर्णने, बेअरिंग-गूल्ड याचा वृकमानवांवरील ग्रंथ, आणि 'मॅग्यारलँड' हे १८८१ चे दोन खंडांचे पुस्तक. या शेवटच्या पुस्तकाच्या लेखिकेकडे भारतीय अभ्यासकाचे लक्ष गेले पाहिजे. नीना मॅझुचेली हे तिचे नाव. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त ती दार्जिलिंगला राहिली होती आणि हिमालयातील आपल्या प्रवासावर तिने आधी एक पुस्तक लिहिले होते. हिमालय ज्या डोळ्यांनी पाहिला त्याच डोळ्यांनी तिने कार्पेथियन पर्वत पाहिला. विल्किन्सन हा बुखारेस्टमधला ब्रिटिश वकील होता, जेरार्ड ही ऑस्ट्रियन साम्राज्याच्या घोडदळातील अधिकाऱ्याची पत्नी, जॉन्सन मेजर. मलायाविषयीच्या इझाबेला बर्ड हिच्या पुस्तकातूनही स्टोकरने तेथील भुताखेतांच्या समजुती टिपून घेतल्या आहेत. ही पुस्तके एका फळीवर मांडली, की ती फळी ओळखीची वाटू लागते. आपल्या जत्रा, आपल्या देवस्की, आपले अंगात येणे यांविषयी गोऱ्या अंमलदारांनी आणि त्यांच्या बायकांनी लिहिलेली पुस्तके त्याच फळीवर होती. पूर्वेकडून लंडनवर चालून येणारे पिशाच हे साम्राज्याच्या अपराधी मनाचे चित्र आहे, असा अर्थ स्टीफन अराटा याने १९९० मध्ये लावला आणि तो गाजला. टिपणे त्या अर्थाला एक ठोस पाया पुरवतात : हे पिशाच अक्षरशः साम्राज्याच्या ग्रंथालयातून उठले आहे. २०१८ मध्ये लंडन लायब्ररीत सव्वीस पुस्तके अशी आढळली, की ज्यांतील समासातल्या खुणा स्टोकरच्या टिपणांशी जुळतात. सार्वजनिक पुस्तकांवर रेघोट्या मारू नयेत हे खरे. पण ग्रंथपालांना न जुमानणाऱ्या या एका वाचकाबद्दल संशोधकांनी कृतज्ञ राहावे.

या सर्व पानांत अधिक विचार करण्याजोगे पान आहे ते पिशाचाच्या लक्षणांचे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत : विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचा त्रास, ओसाड घर, अरण्य. ही यादी समोर येणाऱ्या वस्तूंची आहे; काहीतरी दिसते, ऐकू येते, आणि भय जागे होते. स्टोकरची यादी पाहावी. या सरदाराच्या घरात आरसा नाही. आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही. त्याची सावली पडत नाही. तो खात नाही, पीत नाही. कोणी आत घेतल्याखेरीज त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. चित्रकाराला त्याचे चित्र साधत नाही. केले तरी ते दुसऱ्याच कोणाचे तरी होते. कोडॅकने त्याचे छायाचित्र घेतले, तर ते काळे पडते किंवा सांगाड्यासारखे उमटते. संगीताचा त्याच्यावर परिणाम होत नाही. नकारांचीच ही माळ आहे. बळ, अंधारात दिसणे, लहानमोठे होणे अशी काही भावरूप लक्षणे तीत आहेत, पण वाचकाच्या मनात रुतून बसली ती अभावाची. अंगावर काटा येतो तो आरशात काही भयंकर दिसल्यामुळे नव्हे, तर जे दिसायला हवे ते दिसत नाही यामुळे. अभाव हाच विभाव व्हावा, ही गोष्ट भयानकाच्या आपल्या शास्त्रीय मांडणीत सामावून घ्यायची, तर त्या मांडणीचा पुनर्विचार करावा लागेल. रसव्यवस्था जुनी झाली असे म्हणून हा प्रश्न टाळणे सोपे आहे. परंतु भयकथा हा मराठीत भरघोस वाचला जाणारा प्रकार असताना भयानकाची चर्चा अजून उदाहरणापुरती 'वेणीसंहार' आणि 'मालतीमाधव' यांच्या स्मशानांतच फिरत राहावी, हे शास्त्राच्या हिताचे नाही.

त्याच यादीत पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. आरसा, सावली, अन्न, उंबरठा ही लक्षणे पुस्तकात राहिली. चित्र, छायाचित्र आणि संगीत ही गळली. ही निवड आंधळी नाही. राहिली ती लक्षणे घरातली आहेत : दाढी करताना, जेवायला बसताना, दार उघडताना ती आपोआप पुढे येतात. चित्रकार किंवा छायाचित्रकार मुद्दाम आणावा लागतो. स्टोकरने आरंभी फ्रान्सिस एटाउन नावाचा चित्रकार योजला होताही. लक्षण गेल्यावर त्याचे काम उरले नाही आणि तोही गेला. कोडॅकचा मात्र एक तुकडा मागे राहिला : वकील हार्कर लंडनजवळच्या वाड्याची छायाचित्रे काढून नेतो, सरदाराचे कधी काढत नाही. संगीताचे लक्षण तर उलटेच झाले. लांडग्यांचे रडणे ऐकून त्यालाच संगीत म्हणणारा सरदार संगीतापुढे बधिर राहणाऱ्या सरदारापेक्षा किती तरी अधिक भयप्रद आहे.

चित्रकाराबरोबर आणखी बरीच माणसे गेली. कॉटफर्ड नावाचा पोलीस तपासनीस, अतींद्रिय घटनांचा संशोधक आल्फ्रेड सिंगलटन, माक्स विंडशोफेल हा जर्मन प्राध्यापक : या तिघांच्या जागी शेवटी एकटा व्हॅन हेल्सिंग आला. केट रीड ही मैत्रीण नाहीशी झाली. सरदाराच्या वाड्यातील बहिरी-मुकी स्त्री आणि न बोलणारा गडी हे दोघेही गेले, आणि त्यांच्या जाण्याने साधलेला परिणाम अपूर्व आहे. वाड्यात नोकर नाहीत, म्हणजे पाहुण्याचे अंथरूण घालणारा, ताटे मांडणारा सरदार स्वतःच असला पाहिजे, हे हार्करच्या लक्षात येते तो क्षण या वगळण्यातून जन्मला. तेरा पाहुण्यांच्या मेजवानीचा एक बेतही टिपणांत आहे : प्रत्येकाने क्रमाने काही विलक्षण सांगायचे, ते तुकडे जुळून कथा पुरी व्हायची, आणि शेवटी सरदाराने दालनात यायचे. कल्पना चमकदार आहे. नाटकमंडळीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाची ती आहे. त्याने ती सोडून दिली. मात्र अनेक मुखांनी सांगितलेले तुकडे जोडण्याची मूळ युक्ती दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्री कात्रणे यांच्या रूपाने सबंध पुस्तकभर पसरली.

टिपणांनंतरचा दुवा म्हणजे मुद्रणासाठी तयार केलेली टंकलिखित प्रत. ती १९८० नंतरच्या काळात पेनसिल्व्हेनियात उजेडात आली. लेखकाच्या हातच्या खाडाखोडी आणि चिकटवलेले तुकडे तिच्यात आहेत. शीर्षक आहे 'अन-डेड', म्हणजे न-मेलेले. पुस्तक बाजारात येण्यास काही आठवडे उरले असतानाच आजचे नाव ठरले. या प्रतीत अखेरीस सरदाराचा वाडा भूकंपासारख्या उत्पातात जमीनदोस्त होतो. छापील पुस्तकात तो परिच्छेद नाही. वाडा उभाच राहतो, आणि काही वर्षांनी परत गेलेल्या मंडळींना तो ओसाडीवर तसाच उभा दिसतो. नाटकी शेवट काढून टाकण्याचे हे शहाणपण एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने दाखवावे, ही गंमत आहे.

आता हा सारा प्रपंच आपल्याशी कसा संबद्ध आहे, ते पाहू. हस्तलिखितांच्या अभ्यासात भारतीय विद्या मागासलेली आहे, असे कोणी म्हणणार नाही. एकनाथांनी सोळाव्या शतकात ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले, आणि सुखठणकरांनी घालून दिलेली पद्धती जगन्मान्य झाली. पण या परंपरेचा मोहरा एका दिशेला आहे. अनेक लेखनिकांच्या प्रतींतून मागे मागे जात, प्रक्षेप बाजूला सारत, मूळ पाठापर्यंत पोचायचे. तो हाती लागला की काम संपले. लेखकाचा खर्डा हा याच्या नेमका उलट प्रश्न घालतो. येथे अंतिम पाठ ठाऊकच आहे. शोधायचे आहेत ते लेखकाने स्वतः टाकून दिलेले पाठ. तेथे पाठभेद हा दोष, येथे तोच पुरावा. फ्रान्समध्ये १९६८ मध्ये हाइनेच्या हस्तलिखितांच्या निमित्ताने एक संशोधक-गट एकत्र आला आणि त्यातून या अभ्यासाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. आपल्याकडे जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा आणि छापील पाठांचा 'बिचित्रा' हा संगणकीय संग्रह खुला केला. भारतीय भाषांत या दिशेने पडलेले ते भरीव पाऊल आहे. मात्र त्यातही एक गोष्ट खटकते. रवींद्रनाथांची भूतकथा जपली जाते ती रवींद्रनाथांची म्हणून. भूतकथाच लिहिणाऱ्याचे कागद जपावेत, असे म्हणायला आपला अभ्यासक अजून कचरतो.

तौलनिक अभ्यासाची यात किती हानी आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रिचर्ड बर्टन याने मुंबई इलाख्याच्या लष्करात असताना मराठीची परीक्षा दिली होती. त्याने १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत आणल्या आणि वेताळाला 'व्हँपायर' म्हटले. स्टोकर बर्टनला ओळखत होता. बोलताना दिसणारा त्याचा सुळा आपल्या मनावर ठसल्याचे त्याने १९०६ च्या आठवणींत लिहिले आहे. एवढ्या सामग्रीवर 'ड्रॅक्युला हा विक्रमाच्या वेताळाचा वंशज' असा निबंध सहज उभा राहतो, आणि भारतीय वाचकाला तो सुखावतोही. पण टिपणांतील ग्रंथयादीत बर्टनचे पुस्तक नाही. झाडाला लोंबणारा, प्रेतात शिरून कोडी घालणारा आपला वेताळ आणि रक्तावर जगणारा तो सरदार यांच्यात आप्तसंबंध जोडायचा, तर कागद साथ देत नाहीत. असा संयम केवळ कागद असतील तरच शक्य असतो. ते नसतील तर साम्यांचा पूर येतो, आणि तौलनिक साहित्याभ्यास हा साम्ये मोजण्याचा धंदा होऊन बसतो.

दुसरे उदाहरण मराठीच्या अगदी अंगणातले आहे. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग याने 'ड्रॅक्युला' एखाद्या आधुनिक अमेरिकन खेड्यात आला तर काय होईल, या विचारातून 'सेलम्स लॉट' ही १९७५ ची कादंबरी लिहिली. तिच्या खर्ड्यात पिशाचाचे नाव सार्लिनॉव्ह होते. छापताना ते बार्लो झाले. स्टोकर ओळखीच्या नावाकडून परक्या नावाकडे गेला, किंग परक्या नावाकडून शेजाऱ्याच्या नावाकडे आला. ऐंशी वर्षांत भय कोणत्या दिशेने सरकले, ते या दोन खोडलेल्या नावांत जेवढे स्पष्ट दिसते तेवढे अनेक प्रबंधांत दिसणार नाही. किंगच्या खर्ड्यातील वगळलेले प्रसंग २००५ च्या आवृत्तीत छापले गेले, म्हणून हे ताडून पाहता येते. त्याच्या बँगोर येथील घराचा उपयोग लेखनसंग्रहासाठी करण्यास तेथील नगरपरिषदेने २०१९ मध्ये संमती दिली.

याच कादंबरीवरून नारायण धारप यांनी 'लुचाई' लिहिली. धारप १९२५ मध्ये जन्मले आणि २००८ मध्ये वारले. मराठी वाचनालयांतून त्यांची पुस्तके शिवण उसवेपर्यंत फिरली. समीक्षेच्या पुस्तकांतून मात्र त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ आली, आणि तीतही 'रूपांतरित' हा शब्द दूषण म्हणून. परंतु रूपांतर म्हणजे निर्णयांची मालिका असते. क्रूसाने पळणारे पिशाच, ज्या गावात क्रूसच नाही त्या गावात कशाने पळावे? उंबरठ्यावर अडणाऱ्याला, पाहुण्याला परत न पाठवणाऱ्या घराने कसे अडवावे? जेथे मृताला पुरण्याऐवजी जाळतात तेथे थडग्यातून उठणाऱ्याचे काय करावे? या प्रश्नांची उत्तरे छापील पुस्तकात असतात, पण ती शोधताना घेतलेली आडवळणे, करून पाहिलेले आणि टाकलेले तोडगे, बदललेली नावे ही वहीत असतात. स्टोकरने स्टिरिया सोडून ट्रान्सिल्व्हेनिया धरले, तसे मराठी लेखकाने इंग्रजी मुलखातून निघून कोणते गाव धरले आणि आधी कोणते सोडले, हे सांगणारा कागद हा भारतीय साहित्यांच्या परस्परसंबंधांचा अव्वल दर्जाचा दस्तऐवज होय. हीच गोष्ट रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांविषयी आणि बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांच्या अफाट निर्मितीविषयी म्हणता येईल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : विद्यापीठांकडे पैसा नाही, जागा नाही, आणि जी थोडी आहे ती श्रेष्ठ लेखकांसाठी राखली पाहिजे. यातील पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र श्रेष्ठता आधी ठरवून कागद मागाहून जमवतो. स्टोकरची श्रेष्ठता १९१३ मध्ये ठरली असती, तर त्याची टिपणे दोन पौंडांना गेली नसती. आणि ती वाचली ती कोणा समीक्षकामुळे नव्हे, जुन्या कागदांचा नाद असलेल्या ग्राहकांमुळे. आपल्याकडे अशा ग्राहकांचा बाजार नाही. लेखक गेला, की वह्यांचा गठ्ठा माळ्यावर जातो, आणि घर पुनर्बांधणीला निघाले की रद्दीवाल्याकडे. शाईने पाठपोट लिहिलेला खाकी वेष्टनाचा कागद, संपादकाचे परत आलेले पत्र, दिवाळी अंकासाठी कापलेली आणि पुस्तकात पुन्हा जोडलेली कथा, वाचनालयाच्या प्रतीत वाचकाने समासात लिहिलेला शेरा, यांपैकी काहीही जपायला वातानुकूलित इमारत लागत नाही. लागते ते एक कपाट, वारसांशी बोलण्याची तयारी असलेला एक प्राध्यापक, आणि पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थी, ज्यांना प्रबंधाचा विषय म्हणून भयकथा घेतल्याबद्दल मौखिक परीक्षेत कोणी हसणार नाही. केंद्रीय विद्यापीठांच्या भारतीय भाषा विभागांना तर एक जादा सोय आहे. बंगालीतला वरदा, मराठीतली लुचाई, मल्याळममधली यक्षी ही सारी त्यांच्या एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या खोल्यांत शिकवता येण्याजोगी आहेत. त्यांची कपाटेही शेजारशेजारी ठेवता येतील.